पुरेसं कारण

माझ्या मुलीचं लग्न पहिल्या दिवाळसणापर्यंतही पोचलं नाही. मे महिन्यात मिरजेत कार्यालयात लग्न झालं, जूनमध्ये दोघं बेंगळुरूला आपापल्या नोकरीवर परतली, आणि दसऱ्याच्या सुमारास ती दोन बॅगा घेऊन ऑफिसजवळच्या पीजीमध्ये राहायला गेली. मला तिने हे लगेच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते ‘का?’ कुठलीही आई हेच विचारेल. पण तो प्रश्न विचारणारी मी कोण होते, इतकी वर्षं किती बायकांना तो विचारत आले होते आणि उत्तर ऐकून काय करत होते, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर माझं नाव गेलं. अशा समितीत शिक्षिका असतात, डॉक्टर, वकील, सामाजिक काम करणाऱ्या बायका असतात. नवरा-बायकोचं भांडण ठाण्यापर्यंत आलं की दोघांना आणि दोघांच्या घरच्यांना बोलावतात आणि आम्ही मध्ये बसतो. दारू असेल, मारहाण असेल, माहेरून पैसे आणायचा तगादा असेल, तर माझा आवाज चढायचा. त्या बायकांच्या बाजूने मी उभी राहिले, आजही राहीन.

प्रश्न दुसऱ्या बायकांचा आहे. लग्नाला काही महिने झालेत, अंगावर मार नाही, तक्रारीत लिहिण्याजोगं काही नाही, आणि तरी ‘मला तिथं नांदायचं नाही’ म्हणणाऱ्या. त्यांतली एक मला नीट आठवते. आई-वडील दोन्ही बाजूंना बसले होते आणि ती मान खाली घालून म्हणाली, ‘तो वाईट नाही हो बाई. पण मला तिथं राहायचं नाही.’ मी म्हणाले, ‘अगं, अजून अंगाची हळद तरी उतरली का? वर्षभर तरी काढ.’ तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मी पुन्हा कारण विचारलं. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, आणि आम्ही तो होकार समजलो. रजिस्टरमध्ये ‘किरकोळ कारण, समज देऊन समेट’ अशी नोंद झाली. शब्द मीच सुचवले होते.

माझं मोजमाप ठरलेलं होतं. लग्न जितकं नवं, तितकं ते मोडायला कारण मोठं हवं. वीस वर्षं संसार केलेली बाई ‘थकले’ म्हणाली तर मला पटायचं. नवी नवरी तेच म्हणाली की ती मला उथळ वाटायची. हिने प्रयत्न कधी केला, असं मनात यायचं. प्रयत्न आणि काळ माझ्या लेखी एकच होते.

आणि दर वर्षी आठ मार्चला मी शाळेत रखमाबाईंवर बोलायचे. अकराव्या वर्षी लग्न. मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार. 1884 मध्ये दादाजी भिकाजीने मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा, 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिलेला निकाल, मग अपील, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करते, असं त्यांनी सांगितलं. 1888 मध्ये 2000 रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला शिकायला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला बायकांवर उपचार करत राहिल्या. मी मुलींना एक गोष्ट ठासून सांगायचे. नवरा मारतो म्हणून त्यांनी नकार दिला नव्हता, ते दोघं कधी एकत्र राहिलेच नव्हते. ज्या लग्नाला मी संमती दिली नाही ते लग्न मला बांधत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. मुली टाळ्या वाजवायच्या. त्याच आठवड्यात मी ठाण्यात बसून कुणाला तरी परत पाठवत असे. दोन्ही कामं एकाच तोंडाने केली आणि मला काही खटकलं नाही.

‘आपल्यात असं नसतं’ हेही मी म्हटलेलं आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला, मुंबई इलाख्यात 1947 साली, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर गेला, हे मला माहीत होतं. त्याही आधीपासून गावगाड्यातल्या कितीतरी जातींत पंचांसमोर काडीमोड होत होती, बाई पुन्हा पाट लावत होती, हेही माहीत होतं. अशी चाल असलेल्या घरांतल्या लेकीच बऱ्याचदा माझ्यासमोर येऊन बसायच्या. त्यांच्या आज्यांना जी मोकळीक होती, ती मी माझ्या घरातल्या धाकाने त्यांच्याकडून काढून घेत होते.

तर माझ्या मुलीने ‘का?’ या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. ‘तो चांगला आहे, आई. पण हे लग्न नाही, आणि त्यालाही ते माहीत आहे,’ एवढंच म्हणाली. मी खोदून विचारलं. दारू? नाही. दुसरी कुणी? नाही. सासू काही बोलते? सासू कोल्हापुरात असते, आई. मी माझ्या रजिस्टरचे सगळे रकाने तिच्यापुढे वाचले आणि प्रत्येकाला ती नाही म्हणाली. शेवटी म्हणाली, ‘त्याने मला जे सांगितलंय ते त्याचं आहे. ते मी तुला सांगणार नाही.’ मला राग आला. जन्म दिलेल्या आईला सांगता येत नाही असं काय असतं, हा राग पुढे कितीतरी महिने गेला नाही.

लेक परराज्यात होती याचा मला त्या काळात आधार वाटला, हे कबूल करायला मला जड जातं. तिच्यापासून सातशे किलोमीटरच्या आसपास लांब असणं ही एरवी माझी तक्रार असायची. आता त्या अंतराचा उपयोग होऊ लागला. गल्लीत कुणी विचारलं की मी सांगायचे, जावई प्रोजेक्टसाठी बाहेर गेलेत. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं, तिला रजा मिळाली नाही. ही दुसरी गोष्ट निदान खरी होती.

मुलीच्या वकील बेंगळुरूमधल्याच होत्या. त्यांच्याकडून कळलं की लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा करताच येत नाही. 1955 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये तसं बंधन आहे, फार असह्य हाल किंवा जोडीदाराचा पराकोटीचा दुराचार असेल तरच न्यायालय त्यातून सूट देतं. दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा तर कलम 13 ब, जे 1976 मध्ये आलं. त्यातही आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर पुन्हा निदान सहा महिने थांबावं लागतं. ते सहा महिने माफ करण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मोकळी केली आहे, पण त्या निकालात त्यासाठी साधारण दीड वर्षाचं वेगळं राहणं आधीच झालेलं असावं, अशी अट होती. काही महिन्यांचं लग्न मोडायला दोन वर्षं. मला तो वेळ देणगीसारखा वाटला. वर्षभरात सगळं सुरळीत होईल, अशा आशेने मी अंबाबाईची ओटी भरली, विहीणबाईंना फोन केले, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने चिवडा आणि मेतकुटाचे डबे घेऊन बेंगळुरूला गेले आणि जावयाला जेवायला बोलावलं. तो आला. नीट जेवला, ताट उचलून धुऊन ठेवलं, मला नमस्कार केला आणि गेला. इतक्या सभ्य मुलाला सोडायचं म्हणजे काय, असं मी त्या रात्री मुलीला पुन्हा विचारलं.

दावा कुठे लावायचा, हा पुढचा प्रश्न. लग्न मिरजेत झालं म्हणून सांगली जिल्ह्यात लावता आला असता. शेवटचं एकत्र राहणं बेंगळुरूत, दोघं आताही तिथेच, म्हणून तिथेही. मुलीने बेंगळुरू निवडलं, कारण दोघांनाही रजा काढणं सोपं. मीही तेच म्हटलं, पण माझं कारण वेगळं होतं. सांगलीच्या न्यायालयाच्या आवारात मला ओळखणारी माणसं आहेत. ज्या बायकांना मी समज दिली होती, त्यांतली एखादी तिथे पोटगीच्या तारखेला बसलेली असू शकते. तिच्या नजरेला नजर द्यावी लागेल, ही भीती मी मुलीच्या सोयीच्या आड लपवली.

वर्ष संपत आलं असताना एका ओळखीच्या वकिलांनी मला इथे मिरजेतच वेगळा मार्ग सांगितला. घटस्फोट कशाला, लग्नच रद्द करून घ्या. कलम 12. नवऱ्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झाला नसेल, किंवा फसवून संमती घेतली असेल, तर न्यायालय लग्न रद्दबातल ठरवू शकतं. वर्षभर थांबण्याची अट तिथे नाही. ‘मुलीच्या नावापुढे घटस्फोटित लागणार नाही, बाई,’ ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य मला इतकं गोड लागलं की त्या आधीची वाक्यं मी नीट ऐकलीच नाहीत. त्याच आठवड्यात मी बेंगळुरूची गाडी धरली.

मुलगी तोवर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेली होती. रात्री जेवणं झाल्यावर मी तिला हे सांगितलं. अगदी उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, ‘म्हणजे मी काय लिहून द्यायचं?’

मी म्हणाले, ‘ते वकील बघतील.’

‘नाही, मला सांग ना. प्रतिज्ञापत्रावर सही माझी असणार. काय लिहायचं?’

मला तो शब्द तिच्यासमोर उच्चारता आला नाही. तिनेच उच्चारला. ‘तो नपुंसक आहे, असं? मला माहीत नाही, आई. आम्ही तिथवर पोचलोच नाही. आणि फसवलं म्हणायचं तर तेही खोटं आहे. त्याने स्वतःलाच इतकं फसवलं होतं की मला फसवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. न्यायालयाने त्याची डॉक्टरी तपासणी करायला सांगितली तर? तो जाईल, त्याच्या स्वभावात आहे ते. मी त्याला तिथे पाठवायचं? कशासाठी? माझ्या नावापुढे एक शब्द लागू नये म्हणून?’

मी म्हणाले, ‘तुझं पुढचं आयुष्य आहे.’

‘त्याचं नाही?’

मग ती जे म्हणाली, ते मी पुन्हा पुन्हा मनात फिरवलं आहे. ‘आई, कारण द्यावं लागू नये म्हणून तर मी वर्षभर थांबले. 13 ब मध्ये कुणी कारण विचारत नाही. आम्ही दोघं म्हणतो की जमत नाही, आणि न्यायाधीश ते मान्य करतात. तूच एकटी मान्य करत नाहीस.’

ती झोपायला गेली. मी त्या घराच्या बाहेरच्या खोलीत गादीवर बसून राहिले. आधी मी स्वतःचा बचाव केला. मी तिच्या भल्यासाठीच आले होते, खर्च करून आले होते. मग हळूहळू लक्षात आलं की एका सभ्य मुलाबद्दल, ज्याने माझ्यासमोर ताट धुऊन ठेवलं होतं, न्यायालयात शपथेवर खोटं लिहायला मी तयार होते, आणि मला त्यात पापही वाटलं नव्हतं. त्या खोट्याने माझ्या मुलीचं काहीच वाचणार नव्हतं. ती बेंगळुरूत तिच्या माणसांत राहत होती, तिच्या कंपनीत, तिच्या मैत्रिणींत तिला घटस्फोटित म्हणून कुणी वेगळं वागवणार नव्हतं. तो शब्द मिरजेत उच्चारला जाणार होता. माझ्या दारात, माझ्या हळदीकुंकवात, समितीच्या माझ्या खुर्चीच्या मागे. मी माझी खुर्ची वाचवत होते. लेकीचं आयुष्य हा त्याचा पत्ता लागू नये म्हणून घातलेला पडदा होता.

आणि मग ठाण्यातली ती मान खाली घातलेली मुलगी आठवली. तिचं वाक्य आणि माझ्या मुलीचं वाक्य यांत काही फरक नव्हता. तो वाईट नाही, पण मला तिथं राहायचं नाही. तिच्याकडेही कदाचित एखादी गोष्ट असेल, जी तिची नव्हती, नवऱ्याची होती, आणि आई-बापांच्या, पोलिसांच्या आणि अनोळखी बाईच्या देखत ती उघडी करणं तिला पटलं नसेल. किंवा नसेलही अशी काही गोष्ट. नुसतं राहायचं नसेल. मी ते किरकोळ ठरवलं. माझ्या मुलीच्या गप्प राहण्यात मला त्या रात्री जो सभ्यपणा दिसला, तो त्या मुलीच्या गप्प राहण्यात मला दिसला नव्हता, कारण ती माझी कुणी नव्हती. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. स्वतःच्या घरात घडल्याशिवाय ज्या बाईला दुसऱ्याचं कळत नाही, तिने न्यायनिवाड्याला बसू नये, असं मी इतिहासाच्या तासाला राजांबद्दल बोलले असते.

अर्ज 13 ब खालीच झाला. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, नोंदणीचा दाखला, दोघांची आधार कार्डं. कागद मीच जुळवून दिले, मुलीने मागितले म्हणून. बेंगळुरूचं कौटुंबिक न्यायालय सिद्दय्या रोडवर न्याय देगुल नावाच्या इमारतीत आहे, आणि 2007 मध्ये सुरू झालेलं मध्यस्थी केंद्रही तिथेच. न्यायालयाने दोघांना आधी तिकडे पाठवलं. मी आणि विहीणबाई दोघीही गेलो होतो. मध्यस्थ बाईंनी दोघांना आत घेतलं आणि आम्हाला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. माझ्या समितीत असं कधी झालं नव्हतं. आमच्याकडे आई-वडील, मामा, क्वचित गावचा सरपंच, सगळे एकाच खोलीत असायचे आणि सगळ्यांत कमी बोलायची ती तक्रार घेऊन आलेली बाई.

बाकावर आम्ही दोघी विहिणी शेजारी बसलो. आजूबाजूला सगळं कानडी चाललं होतं. लग्नात मानपानावरून आमचं थोडं वाजलं होतं, आणि नंतरचे फोन तर एकमेकींच्या मुलांना दोष देण्यातच गेले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, ‘तुमच्या लेकीनं तुम्हाला सांगितलं का हो काही?’

‘नाही. तुम्हाला त्याने?’

‘नाही.’ मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘ह्यांचं बायपास झालं होतं, तेव्हा आम्ही त्याच्या मागे लागलो. माझ्या डोळ्यांदेखत तुझं उरकू दे, म्हणाले. तो आधी नकोच म्हणत होता. आम्ही ऐकलं नाही.’

मला त्यांचा राग आला नाही. आमच्या मुलीला मुलगा पसंत आहे का, हे आम्ही विचारलं होतं. मुलाला लग्न करायचं आहे का, हे आम्ही कुणाला विचारलं होतं? पत्रिका, पगार, स्वतःचा फ्लॅट, सगळं पाहिलं आणि हे पाहायचं राहिलं. रखमाबाईंच्या संमतीबद्दल तासभर बोलणाऱ्या मला मुलाचीही संमती लागते, हे सुचलं नव्हतं.

आत दोघांचं जे ठरलं, त्याचा कागद झाला. कुणी कुणाला पोटगी द्यायची नाही, दागिने ज्याचे त्याला. पुढचे सहा महिने थांबलो. त्या दरम्यान मुलीच्या वकिलांनी 2021 च्या एका निकालाबद्दल सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी वेगळ्या झालेल्या जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाने थांबण्याची अट बाजूला ठेवून घटस्फोट दिला होता. पूर्वीची मी असते, तर त्या दोघांना काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. या वेळी मनात एवढंच आलं की त्यांच्या आया बाहेर बाकावर बसल्या असतील का. हुकूमनामा हातात आला तेव्हा लग्नाला दोन वर्षं होत आली होती. गल्लीत मी आता खरं सांगते. पहिल्यांदा सांगताना आवाज फाटला, आताही प्रत्येक वेळी सरळ निघतोच असं नाही. कुणी ‘इतक्यात?’ म्हणालं, तर मी ‘हो’ म्हणते आणि ‘का?’ विचारलं तर ‘ते त्या दोघांना माहीत आहे’ म्हणते. लोकांना ते उत्तर अपुरं वाटतं. मला त्याचं नवल वाटत नाही.

समिती सोडावी असं मनात होतं. मुलगीच म्हणाली की सोडू नकोस. गेल्या महिन्यात एक नवी नवरी आली, सोबत आई, आत्या आणि भाऊ. मी पोलीस बाईंना सांगून तिघांना बाहेर बसवलं. त्यांना ते आवडलं नाही, भाऊ बराच वेळ कुरकुरत होता. मुलगी आधी काही बोलली नाही. मी कारण विचारलं नाही. तुला काय करायचं आहे, एवढं विचारलं आणि थांबले. थांबणं मला अजून जमत नाही, दोन-तीनदा मी जीभ आवरली. मग ती बोलली, बराच वेळ बोलली, आणि शेवटी तिने परत सासरी जायचं ठरवलं. मी तिला अडवलं नाही. तिने ठरवलं होतं. कायद्याने तिला काय काय करता येतं, कुठे राहता येतं, कुणाला फोन करता येतो, ते एका कागदावर लिहून दिलं. ‘समेट झाला’ अशी नोंद करू का, असं हवालदार बाईंनी विचारलं तेव्हा मी रजिस्टर माझ्याकडे घेतलं आणि तिचंच वाक्य लिहिलं: सहा महिने बघते, नाही जमलं तर पुन्हा येईन. त्या खाली तिने सही केली. तिचा नंबर माझ्याकडे आहे. पंधरा तारखेला फोन करू का, असं मी विचारलं होतं, आणि दुपारी दोननंतर करा, घरात तेव्हा कुणी नसतं, असं ती म्हणाली आहे.